मोन लोकांची राणी शिन सॉबू



गोराईचा पॅगोडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. २००९ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याचा आकार ब्रह्मदेशातील रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यावरून घेतलेला आहे. परमपूज्य बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला गेले, ते याच रंगून शहरात. पण त्या मूळ पॅगोड्याला सोन्याने मढवण्याची प्रथा एका बाईने पाडली, ती बाई मोन नावाच्या समाजाची होती आणि तो समाज आजही आपल्या नावासाठी आणि भाषेसाठी झगडतो आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या बाईचे नाव शिन सॉबू. तिची हकीगत मुलाबाळांना सांगावी अशी आहे, म्हणून ती या स्मरणिकेत देत आहे.

मोन हे ब्रह्मदेशाच्या दक्षिण किनाऱ्याचे आणि आजच्या थायलंडचेही फार जुने रहिवासी. त्या भागात थेरवाद बुद्धधम्म रुजवला तो प्रामुख्याने त्यांनी. आजची बर्मी लिपी मोन लिपीवरून आली असे बहुतेक अभ्यासक मानतात. तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी तथागतांचे केस आणून श्वेडगॉनच्या टेकडीवर ठेवले, ही परंपराही मोन लोकांनी जपली. त्यांच्या राज्याचे नाव हंसावती आणि राजधानी पेगू, म्हणजे आजचे बागो.

या पेगूच्या राजाधिराज नावाच्या राजाला १३९४ मध्ये मुलगी झाली. तीच शिन सॉबू. बापाचा सगळा जन्म लढाईत गेला. दक्षिणेचे मोन आणि उत्तरेचे आवा येथील बर्मी राज्य यांच्यात जवळजवळ चाळीस वर्षे युद्ध चालले होते. मुलीचे लग्न नात्यातच झाले, तीन मुले झाली आणि ऐन पंचविशीत नवरा गेला. १४२१ मध्ये बापही गेला. मग गादीसाठी भावाभावांत जुंपली. त्या भांडणात आवाच्या राजाशी समेट करण्यासाठी १४२३ मध्ये भावाने आपल्या विधवा बहिणीला त्या राजाच्या जनानखान्यात देऊन टाकले. तहाच्या कागदावर शिक्का मारावा तशी एक बाई देऊन टाकली! तिला काय वाटले हे कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

आवाचा तो राजा दोन वर्षांतच मारला गेला. पुढे राजे बदलले, पण ही परक्या मुलखात, परक्या भाषेत अडकून पडलेली. तिथे तिला आधार मिळाला तो दोन तरुण मोन भिक्खूंचा. ते तिला शिकवायला येत. तिची भाषा आणि तिचा धम्म त्या वाड्यात जिवंत राहिला तो त्यांच्यामुळे. सुमारे सात वर्षांनी, १४३० च्या आसपास, त्या दोघांच्या मदतीने ती आवाहून निसटली आणि नदीच्या वाटेने पेगूला परत आली. त्या दोघांपैकी एक म्हणजे पुढे राजा झालेला धम्मचेती, असे मोन बखरी सांगतात.

पेगूत ती वीसेक वर्षे राजवाड्यात राहिली. १४४६ मध्ये तिचा मुलगा राजा झाला, पण चार वर्षांत तोही वारला. पुढच्या तीन-चार वर्षांत गादीवर दोघे बसले आणि गेले. आपसातल्या कापाकापीत राजाधिराजाच्या घराण्यात बसवायला पुरुषच उरला नाही. तेव्हा १४५३-५४ च्या सुमारास सरदारांनी शिन सॉबूला राणी केले. वय साठीच्या घरात. दंतकथेतली नावे सोडली, तर ब्रह्मदेशाच्या इतिहासात स्वतःच्या नावाने राज्य करणारी दुसरी राणी दाखवता येत नाही.

एक गोष्ट सांगतात. राणीची पालखी शहरातून चालली होती. शिपायांनी एका म्हाताऱ्याला वाटेतून ढकलले. तो चिडून म्हणाला की मी काही तुमच्या राणीइतका म्हातारा झालो नाही. राणीने ते ऐकले. दुसरा कुणी असता तर म्हाताऱ्याची धडगत नव्हती. हिने रागावण्याऐवजी ते बोल मनावर घेतले आणि तेव्हापासून स्वतःला म्हातारी राणी असेच म्हणवून घेऊ लागली. मोन लोक आजही तिला त्याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

तिच्या राज्यात मोठी लढाई झाल्याचे ऐकू येत नाही. व्यापार वाढला, लोकांच्या पोटाला मिळाले. पण वय झालेले, पुढे कोण हा प्रश्न होताच. आणि इथेच तिने तो निर्णय केला, ज्यासाठी आपण तिला आठवले पाहिजे. आवाहून तिला सोडवणारे ते दोन भिक्खू तिच्या मनात होते. दोघेही विद्वान, पण राजघराण्यातले नव्हेत. असे सांगतात की, एके दिवशी भिक्षापात्रे भरून ठेवली आणि त्यातल्या एका पात्रात गृहस्थाची वस्त्रे आणि राजचिन्हे लपवली. ते पात्र धम्मचेतीच्या हाती आले. मग त्याने चीवर सोडले, राणीच्या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि कारभार त्याच्याकडे गेला.

सरदार कुरकुरले. हा राजवंशाचा नाही, याच्यापुढे आम्ही मान का तुकवायची? ही कुरकुर आपल्याला नवी नाही, नाही का? राणीने वाद घातला नाही. पेगूच्या नदीवरील पुलाच्या तक्तपोशीतली एक तुळई तिने काढायला लावली. रोज हजारो पायांखाली तुडवले जाणारे ते लाकूड. त्यातून तिने बुद्धमूर्ती कोरून घेतली, सरदारांना बोलावले आणि दाखवून दिले की काल ज्यावर तुम्ही चिखलाचे पाय ठेवत होता, त्याच लाकडापुढे आज हात जोडता आहात. मग माणसाच्या बाबतीतच जन्म कशाला विचारता? सरदार गप्प झाले. वसलसुत्तात तथागतांनी जे समजावले, ते या बाईने एका तुळईने समजावले.

साधारण १४६० नंतर ती कारभार जावयावर सोपवून डगोनला, म्हणजे आजच्या रंगूनला, श्वेडगॉनच्या पायथ्याशी राहायला गेली. स्तूपाची उंची तिने सुमारे १३० फुटांपर्यंत वाढवली, टेकडीला टप्पे बांधले, वरच्या अंगणात फरशी घातली. स्वतःच्या वजनाइतके सोने, म्हणजे सुमारे ४० किलो, स्तूपाला मढवायला दिले. आजचा ३२६ फुटांचा पॅगोडा पुढच्या राजांनी वाढवलेला आहे, पण सोन्याची चाल पडली ती इथून.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. पॅगोड्याच्या देखभालीसाठी तिने जमिनी दिल्या तशी माणसेही दिली, पिढ्यान्‌पिढ्या सेवेला बांधलेली. ब्रह्मदेशात अशा घराण्यांना पुढे लोक हलके मानू लागले, त्यांच्याशी सोयरीक करीनात. पुलाच्या लाकडाला मान देणाऱ्या राणीच्या हातूनही हे झाले. त्या काळची रीत होती हे खरे, पण बांधलेल्या माणसाचे दुःख काय असते हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१४७१ च्या सुमारास ती गेली. शेवटच्या दुखण्यात तिने खाट अशी ठेवायला लावली की पडल्या पडल्या सोन्याचा स्तूप दिसावा.

धम्मचेतीने तिची निवड सार्थ केली. १४७६ मध्ये त्याने २२ भिक्खूंना श्रीलंकेला पाठवून शुद्ध उपसंपदेची परंपरा परत आणली. त्याचा वृत्तांत पेगूच्या कल्याणी शिलालेखांत आहे. दहा शिळा, तीन पालीत आणि सात मोन भाषेत. १४८५ चा त्याचा श्वेडगॉनचा लेखही पाली, मोन आणि बर्मी अशा तीन भाषांत आहे.

पण राज्य टिकले नाही. १५३९ मध्ये पेगू बर्मी राजाकडे गेले. १७४० मध्ये मोन पुन्हा उठले, १७५२ मध्ये आवाही घेतले, आणि १७५७ मध्ये अलाँगपायाने पेगू जिंकून ते कायमचे संपवले. हजारो लोक सयामात पळाले. मोन भाषेला दरबारात जागा उरली नाही. १९४७ च्या राज्यघटनेत शान, काचिन अशांना राज्ये मिळाली, मोनना नाही. मोन आणि बर्मी आता एकच झाले, असे राज्यकर्त्यांचे म्हणणे. लोकांनी शस्त्रे उचलली. १९५८ मध्ये काहींनी ती खाली ठेवली, तर त्याच वर्षी नाय श्वे चिन यांनी न्यू मोन स्टेट पार्टी काढून लढा चालू ठेवला. १९७४ मध्ये मोन राज्य नकाशावर आले, पण अधिकार हाती आले नाहीत. १९९५ मध्ये युद्धबंदी झाली. २०१७ मध्ये मोलमीनजवळच्या नव्या पुलाला जनरल आँग सान यांचे नाव दिले, तेव्हा आमच्या मुलखातल्या पुलाचे नाव आम्हाला विचारून ठेवा, म्हणून हजारो मोन लोक रस्त्यावर उतरले. नाव बदलले नाही. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यापासून सगळेच पुन्हा अधांतरी आहे.

मग भाषा राहिली कशी? ती विहारांनी राखली. शाळेत मोन शिकवत नव्हते त्या काळातही भिक्खू पोथ्या लिहीत राहिले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विहारात मुलांना बसवून मोन अक्षरे गिरवून घेत राहिले. आवाच्या वाड्यात एका एकट्या बाईसाठी दोन भिक्खूंनी जे केले, तेच त्यांनी पुढे एका समाजासाठी केले.

आपल्या विहाराचा वर्धापनदिन साजरा करताना हे लक्षात ठेवू या. विहार म्हणजे नुसत्या चार भिंती आणि मूर्ती नव्हे. रविवारी संध्याकाळी आपली पोरं तिथे सतरंजीवर बसून काय शिकतात, यावर आपण उद्या कोण असू हे ठरणार आहे. तेव्हा या रविवारी मुलांना पाठवा, आणि जमलं तर स्वतःही या.

भवतु सब्ब मंगलम्‌. जयभीम!