शुल्क कोणत्या उत्पन्नातून?

रायपूरच्या विद्यापीठाला पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव आहे. प्रशासनात आयुष्य घालविलेला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या नावामागचा एक हिशेब महत्त्वाचा वाटतो. १८७७ मध्ये सागर येथे जन्मलेल्या शुक्लांनी रायपुरात वकिली केली. १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी विद्यामंदिर योजना मांडली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, हे तिचे सूत्र. नावावरून मुस्लिम लीगने विरोध केला. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली. १९५६ च्या नोव्हेंबरात ते नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि ३१ डिसेंबरला निवर्तले. १९६४ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ त्यांनी पाहिले नाही.

शाळेसाठी त्यांनी विचारलेला प्रश्न विद्यापीठालाही लागू पडतो: खर्चाला कायमचा आधार कोणता? शुल्काची शिष्यवृत्ती केवळ वार्षिक तरतुदीवर विसंबली, तर मंजुरी लांबताच प्रवेशाची मुदत टळते आणि गरीब विद्यार्थ्याच्या घरी कर्ज येते. स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी राज्याने स्वतंत्र कायम निधी उभारावा. शुक्लांच्या नावाला तेच साजेल.