डुरंडचे तीन कप

शाळेत डुरंड म्हणजे रेषा, एवढंच पाठ केलं होतं. इथे सुरतेत हॉस्टेलवर डुरंड कपची मॅच बघताना कळलं, रेषावाला आणि कपवाला माणूस एकच!

सर मॉर्टिमर डुरंड १८५० मध्ये भोपाळजवळ सीहोरला जन्मला. हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव असताना, सिमल्यात आजारातून उठता उठता त्याला खेळाचं महत्त्व पटलं म्हणे. १८८८ मध्ये त्याने पलटणींसाठी फुटबॉल स्पर्धा सुरू केली. दगशाईच्या पहिल्या फायनलमध्ये रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलँड लाइट इन्फन्ट्रीला २-१ ने हरवलं. हरलेल्यांनी पुढे १८९३ ते १८९५ सलग तीनदा जिंकून कपच कायमचा नेला. डुरंडने दुसरा दिला. तो ब्लॅक वॉचने १८९७ ते १८९९ जिंकून तसाच नेला. मग तिसरा!

त्याच १८९३ मध्ये त्याने काबूलला अमीर अब्दुर रहमानशी करार केला आणि पठाणांचा मुलूख रेषेच्या दोन बाजूंना वाटला गेला. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

१९२४ मध्ये तो इंग्लंडात वारला. १९४० मध्ये दिल्लीत मोहम्मडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर पलटणीला २-१ ने हरवलं आणि गोऱ्या पलटणींचा तो कप पहिल्यांदाच भारतीय टीमच्या हातात आला.