आर्थर एडिंग्टन : ताऱ्यांच्या पोटात डोकावलेला शास्त्रज्ञ

गुरू हा मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा गोळा आहे आणि सूर्यही त्यांचाच. मग गुरू कधी पेटून तारा होईल का? मुले असे विचारतात तेव्हा आम्हांला सर आर्थर एडिंग्टन यांची आठवण होते.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १८८२ रोजी इंग्लंडमधील केंडल गावी एका क्वेकर कुटुंबात झाला. ते लहान असतानाच वडील विषमज्वराने गेले. आईने बेताच्या परिस्थितीत दोन्ही मुलांना वाढवले. शिष्यवृत्त्यांच्या बळावर एडिंग्टन मँचेस्टरला आणि पुढे केंब्रिजला शिकले. १९१३ मध्ये ते केंब्रिजलाच प्राध्यापक झाले. १९१९ च्या खग्रास ग्रहणात त्यांनी प्रिन्सिपे बेटावरून निरीक्षणे घेतली आणि आइन्स्टाइन यांचे नाव घरोघरी पोहोचले.

तारे कशावर जळतात, हे कोडे तेव्हा सुटलेले नव्हते. हायड्रोजनचे हेलियम होताना घटणाऱ्या वस्तुमानातून ही ऊर्जा येत असावी, असे त्यांनी १९२० मध्ये सुचवले. १९२६ च्या ग्रंथात त्यांनी एक कल्पना मांडली. कायम ढगांनी झाकलेल्या ग्रहावरचा एक शास्त्रज्ञ वायूच्या गोळ्यांचे गणित करतो. पहिला गोळा १० ग्रॅमचा, दुसरा १०० ग्रॅमचा, असा प्रत्येक पुढचा गोळा दसपट. बहुतेक गोळ्यांत काहीच विशेष नसते, पण ३३ ते ३५ व्या गोळ्यांत प्रकाशाचा दाब वायूच्या दाबाशी झुंजू लागतो. तारा कधी न पाहताही त्या शास्त्रज्ञाला कळते की तारे इथेच असणार.

या रांगेत आपला सूर्य ३३ व्या जागी येतो आणि गुरू जेमतेम ३० व्या. सूर्य गुरूच्या सुमारे हजारपट जड आहे. तारा होण्यासाठी गुरूला आजच्या सुमारे ८० पट वस्तुमान लागेल, असे पुढच्या संशोधनातून दिसले. त्याहून हलका गोळा आकसला, तरी आत दाटलेले इलेक्ट्रॉन त्याला थोपवून धरतात आणि गाभा पुरेसा तापतच नाही.

इलेक्ट्रॉनांच्या या दाबालाही मर्यादा आहे, हे २४ वर्षांच्या चंद्रशेखर यांनी जानेवारी १९३५ मध्ये लंडनला मांडले. एडिंग्टन यांनी भर सभेत त्यांची टर उडवली. चूक एडिंग्टन यांचीच होती, पण त्यांच्या दबदब्यापुढे त्या तरुणाच्या बाजूने उघडपणे फारसे कोणी उभे राहिले नाही. तरीही दोघांची मैत्री टिकली.

एडिंग्टन अविवाहित होते. आई आणि बहिणीसोबत ते वेधशाळेतच राहत. २२ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. १९८२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला केंब्रिजमध्ये त्यांच्या थोरवीवर व्याख्याने दिली ती चंद्रशेखर यांनीच. पुढच्याच वर्षी चंद्रशेखर यांना नोबेल मिळाले.

तेव्हा गुरू तारा होणार नाही, हे मुलांना सांगताना या दोघांची गोष्टही आपण जरूर सांगू या.