शस्त्रवैद्य जॉन हंटर

इ. स. १७२४ मध्यें आमच्या साखरखेर्ड्याच्या रणांगणावर मुबारिझखान पडला आणि दक्षिणेची सत्ता निजाम-उल्-मुल्काच्या हातीं गेली. त्यानंतर चारच वर्षांनीं, १७२८ सालीं, स्कॉटलंडांतील एका शेतकऱ्याच्या घरीं जॉन हंटर ह्यांचा जन्म झाला. ह्या पुरुषाची कीर्ति तरवारीनें नव्हे, तर शरीराच्या ज्ञानानें झाली.

लहानपणीं त्यांचें मन पुस्तकांत रमत नसे. रानांतील पक्षी व किडे हेच त्यांचे गुरु. १७४८ मध्यें ते लंडन येथें वडील बंधु विल्यम ह्यांच्या शारीरशाळेंत गेले व प्रेतांचें विच्छेदन करण्यांत निष्णात झाले. पुढें लष्करांत कांहीं वर्षें चाकरी करून १७६८ मध्यें ते सेंट जॉर्ज रुग्णालयांत शस्त्रवैद्य झाले. १७७१ मध्यें त्यांनीं मानवी दांतांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

दैवगति पाहा! ज्यांनीं दांत व जबडा ह्यांचें बारीक वर्णन केलें, त्यांच्याच जबड्यांत पुढें कळा येऊं लागल्या, आणि दोष मात्र दांतांत नव्हता. १७८५ सालच्या झटक्यांत वेदना चेहऱ्याच्या डाव्या बाजूस, खालच्या जबड्यांत व घशांत होई आणि डाव्या हातांत उतरे. मूळ दुखणें हृदयाचें होतें.

असें कां व्हावें? हृदयाचे मज्जातंतु ज्या वाटेनें मेंदूस निरोप पोंचवितात, त्याच वाटेस हात, मान व जबडा ह्यांचेहि निरोप येऊन मिळतात. वाड्याच्या दोन दारांस एकच घंटा असली, म्हणजे पाहुणा कोणत्या दारीं आहे हें आंतल्या माणसास कळत नाहीं. मेंदूचें तसेंच होतें. छातींतून जाणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु फुप्फुसांतील गांठीनें दाबला गेला, तरीहि क्वचित् कानाभोंवतीं व चेहऱ्यांत दुखूं लागतें.

हंटर ह्यांचे शिष्य एडवर्ड जेन्नर ह्यांनीं अशाच रोग्यांच्या प्रेतांत हृदयाच्या रोहिण्या कठीण झालेल्या पाहिल्या होत्या. गुरूंचें दुखणें तेंच, हें त्यांनीं ताडलें. परंतु गुरूंच्या मनास धक्का बसेल म्हणून तें प्रसिद्ध केलें नाहीं. ह्याच जेन्नर ह्यांची देवीची लस हिंदुस्थानांत प्रथम १८०२ मध्यें मुंबईस टोंचली गेली.

राग आला कीं झटका येतो, हें हंटर पुरतें जाणून होते. तथापि स्वभाव त्यांस आवरला नाहीं. १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं रुग्णालयाच्या सभेंत त्यांस विरोध झाला. ते शेजारच्या खोलींत गेले व कोसळून गतप्राण झाले. शवविच्छेदनांत जेन्नर ह्यांचें अनुमान खरें ठरलें.

आम्ही वाचकांस इतकेंच विनवितों कीं, चढण चढतांना घरांतील वडील माणसाचा जबडा दुखूं लागला व विसावा घेतांच थांबला, तर दांत उपटून घेण्याची घाई न करितां त्यांचें हृदय तत्काळ तपासून घ्यावें. जेथें दुखतें तेथेंच रोग असतो, असें नाहीं.