टायरवरचं नाव

पार्किंगमधल्या कुठल्याही कारच्या टायरकडे एकदा वाकून बघा. १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी दिसेल. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचात. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो वजन पेलणार, आणि एच म्हणजे वेगाची मर्यादा ताशी २१० किलोमीटर. एवढं आपल्या मेकॅनिकलच्या पोरांना पाठ असतं. पण काही टायरवर ‘गुडइयर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तो माणूस कोण? बऱ्याच जणांना वाटतं, कंपनीचा मालक असणार. नाही! त्याने टायरची कंपनी कधी काढलीच नाही.

चार्ल्स गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. फिलाडेल्फियात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, ते १८३० च्या सुमारास बुडालं आणि कर्जापायी तो तुरुंगात गेला. त्या काळी रबर नवीन होतं. पण उन्हाळ्यात ते वितळून चिकट व्हायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. हे कोडं आपणच सोडवायचं असं याने ठरवलं. केमिस्ट्री शिकलेला नव्हता, खिशात पैसे नव्हते. तुरुंगात त्याने बायकोकडून, क्लॅरिसाकडून, कच्चं रबर आणि लाटणं मागवलं आणि तिथेच प्रयोग सुरू केले.

पुढची काही वर्षं वाचताना मला त्याचा रागच येतो. टपालाच्या थैल्यांची सरकारी ऑर्डर मिळाली, तर थैल्या उकाड्यात वितळल्या. घरातलं सामान गहाण पडलं, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली. सहा मुलं लहानपणीच गेली. पण गडी थांबला नाही.

१८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या स्टोव्हला लागलं. वितळायच्या ऐवजी ते चामड्यासारखं झालं! हाच तो आपला फर्स्ट इयरचा प्रश्न: व्हल्कनायझेशन. उष्णतेने गंधकाचे पूल रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी जोडतात, म्हणून रबर ताणलं तरी परत जागेवर येतं. आपण उत्तरात ‘योगायोगाने शोध’ लिहून मोकळे होतो. पण गंधकाची कल्पना त्याला नॅथॅनियल हेवर्डकडून मिळाली होती, आणि स्टोव्हनंतरही किती उष्णता, किती वेळ, हे ठरवायला बरीच वर्षं गेली. शेवटी दाबाखालची वाफ, साधारण १३२ अंश सेल्सिअस, चार ते सहा तास, असं गणित जमलं. पेटंट मिळालं १५ जून १८४४ ला.

तोपर्यंत त्याचे नमुने इंग्लंडला पोहोचले होते आणि तिथलं पेटंट थॉमस हॅनकॉकने घेतलं. १८५२ मध्ये अमेरिकेतला मोठा खटला डॅनियल वेबस्टर या नामांकित वकिलाने त्याच्या बाजूने जिंकून दिला. पण पैसा टिकला नाही. १८५५ मध्ये पॅरिसला त्याने भव्य प्रदर्शन मांडलं, त्यातही कर्ज झालं आणि पुन्हा तुरुंग. फ्रान्सचा मोठा सन्मान त्याला मिळाला तो तुरुंगात असतानाच! १ जुलै १८६० ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला, तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. गुडइयर कंपनी १८९८ मध्ये अ‍ॅक्रन इथे फ्रँक सायबरलिंगने काढली आणि नाव फक्त आदरापोटी दिलं.

आपल्याला सगळे सांगतात, ध्येयासाठी झोकून द्या. मला विचाराल तर या गोष्टीत झोकून देणारा एक आणि किंमत मोजणारे घरभर होते. क्लॅरिसाचं नाव कुठल्याही टायरवर नाही. पण हेही खरं, की तो मधेच थांबला असता तर आपल्या एसटीची चाकं तरी कशावर धावली असती? दोन्ही गोष्टी मला एकदमच पटतात, आणि त्याला इलाज नाही.

आता सुट्टीत घरी जाल तेव्हा गाडीच्या टायरवर दोन खुणा नक्की शोधा. एक, चार आकड्यांची: २३२४ असेल तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. फार जुना असेल तर बाबांना सांगा. दुसरी, बऱ्याच टायरवर ‘टेंपरेचर’ या शब्दापुढे ए, बी किंवा सी असतं. उष्णता सोसण्यात ए सगळ्यात वरचा. गुडइयरचं सगळं आयुष्य त्या एका शब्दात गेलं.