विश्लेषण : विकेट बाळूंच्या, कर्णधारपद दुसऱ्याचं, कोण होते पालवणकर बाळू?

आयपीएल सुरू झाली की नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत दुकानांच्या गल्ल्याशेजारी मोबाईल उभे राहतात. कोणी मुंबईचा, कोणी चेन्नईचा. आयपीएलमध्ये मराठवाड्याचा संघ नाही, त्यामुळे इथला चाहता आपला संघ स्वतः निवडतो. मनात आलं तर पुढच्या हंगामात बदलतोही.

शंभर वर्षांपूर्वी देशातली सर्वांत मोठी क्रिकेट स्पर्धा मुंबईत भरायची, तेव्हा चाहत्यांना ही मुभा नव्हती. संघ जन्मानं ठरायचा. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ. म्हणून नाव चौरंगी. या स्पर्धेतल्या हिंदूंच्या संघाला सर्वाधिक सामने जिंकून देणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं, त्या गोलंदाजाला त्याच्याच संघातले लोक काही वर्षं सोबत चहा प्यायला बसू देत नव्हते. ते होते पालवणकर बाळू. जुन्या धावफलकांवर त्यांचं नाव पी. बाळू असं येतं.

सुरुवात कुठून झाली?

बाळूंचा जन्म 1875-76च्या सुमारास धारवाडला झाला. घर चर्मकार समाजातलं. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात स्थिरावलं. छावणीतले अधिकारी क्रिकेट खेळायचे. त्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले.

पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम होतं मैदान झाडण्याचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचं, पगार महिना 3 रुपये. पुढे 1892च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये लागले. तिथं 4 रुपये मिळायचे. जाळी लावायची, खेळपट्टी तयार करायची, रेषा आखायच्या. फावल्या वेळात साहेबांना सरावासाठी चेंडूही टाकायचे.

बाळूंचं कौशल्य इथं घडलं. जे. जी. ग्रेग हा त्या काळातला नामांकित इंग्रज फलंदाज. तो इतर सदस्यांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. डावखुरी, संथ, फिरकी गोलंदाजी. टप्पा हवा तिथंच पडणारी. ग्रेगला बाद केलं की दर वेळी आठ आणे मिळत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी धरली तर महिन्याचा पगार आठ विकेटमध्ये वसूल. मात्र साहेबांच्या सरावात बाळूंच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान होता आणि घाम गाळायचा तो नोकरानं.

बाहेर चहा, आत क्रिकेट

पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं. त्यांना रोज सरावात बाद करणारा माणूस गावातच होता, पण तो ‘अस्पृश्य’. संघात वाद झाला. काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळूंना संघात घेतलं गेलं.

घेतलं, पण अर्धंच. मैदानावर बाळूंनी टाकलेल्या चेंडूला सगळे हात लावत. चहापानाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं पान वेगळं. म्हणजे चेंडूचा विटाळ नाही, कपाचा मात्र आहे. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी इथं अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

बाळू विकेट घेत राहिले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याला पुण्याच्या संघानं हरवलं त्यात त्यांची गोलंदाजी निर्णायक ठरली. पुण्यात त्यांचा जाहीर सन्मान झाला. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला हरकत काय, असा सवाल न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संघातल्या मंडळींना केल्याचं सांगितलं जातं. हळूहळू चहाचं भांडं बदललं.

1896च्या अखेरीस प्लेगची साथ पुण्यात आली. त्याच सुमारास बाळू मुंबईला गेले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता. तिथंही सुरुवातीला कुरकुर झाली, पण प्रवेश मिळाला. पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी लागली आणि ते रेल्वेच्या संघाकडूनही खेळू लागले.

1906चा तो सामना

फेब्रुवारी 1906मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. वंगभंगाविरुद्ध स्वदेशीचं आंदोलन तेव्हा भरात होतं. मैदानाभोवती जागा मिळेना म्हणून लोक झाडांवर चढले. हिंदूंनी हा सामना 109 धावांनी जिंकला. बाळू आणि शिवराम दोघंही संघात होते.

या विजयाचे दोन अर्थ लावले गेले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येतं, हा एक. दुसरा समाजसुधारकांनी मांडला. उच्चवर्णीय आणि ‘अस्पृश्य’ एकत्र खेळले म्हणून संघ जिंकला, हे त्यांनी वृत्तपत्रांतून लिहिलं. प्रेक्षकांना मात्र इतका विचार करायची गरज नव्हती. त्यांना बाळू हवे होते, कारण बाळू सामना जिंकून देत होते.

1907मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. 1912मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. दरवर्षी हंगाम जवळ आला की मुंबईत संघनिवडीची चर्चा रंगे.

इंग्लंडमध्ये काय घडलं?

1911मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौरा एकंदरीत फसला. संघानं 23पैकी 15 सामने गमावले. महाराजांचं लक्ष क्रिकेटपेक्षा मेजवान्यांकडे जास्त होतं.

त्या पडझडीत बाळूंनी 114 विकेट घेतल्या, सरासरी 18.84. एका विकेटसाठी 19पेक्षा कमी धावा, तेही पस्तिशीत, परक्या हवामानात आणि दुखऱ्या खांद्यानं. कारकिर्दीचे आकडे आणखी बोलके आहेत. 33 प्रथम श्रेणी सामन्यांत 179 विकेट, सरासरी 15.21. प्रत्येक सामन्यात पाचहून अधिक बळी पडतात. भारताचा पहिला कसोटी सामना झाला 1932मध्ये. तोवर बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते, त्यामुळे कसोटीच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही.

मुंबईत परतल्यावर दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विशीतल्या तरुणाचा पुढाकार होता. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाळू त्या काळात त्यांच्यासाठी अभिमानाचा विषय होते.

कर्णधारपद का नाही?

इथं बाळूंच्या आयुष्यातली खरी लढाई सुरू होते. 1910नंतर जवळपास दर हंगामात त्यांना हिंदू संघाचं कर्णधार करावं, ही मागणी पुढे येत राहिली. अनुभव, कामगिरी, खेळाची जाण, कशातच ते कमी नव्हते. तरी निवड समिती दरवेळी उच्चवर्णीय खेळाडूलाच पसंती द्यायची. अनेक वर्षं हे पद एम. डी. पै यांच्याकडे होतं. हा मान खरं तर बाळूंचा आहे, असं खुद्द पै यांनीच एका समारंभात सांगितलं होतं. समितीवर त्याचा परिणाम झाला नाही.

तोवर पालवणकरांचे चार भाऊ क्रिकेटमध्ये उतरले होते. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. गणपत तरुणपणीच गेले. विठ्ठल फलंदाज होते आणि तेही अव्वल दर्जाचे.

1920च्या हंगामात ठिणगी पडली. पै आजारी होते. मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यासाठी बाळूंना वगळण्यात आलं आणि नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेलं. देवधर गुणी फलंदाज होते, पण बाळूंच्या भावांपेक्षा अनुभवानं कनिष्ठ. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे डावललं जात असल्याचं जाहीर पत्रक काढलं. खेळाडूंनी जातीच्या कारणावरून निवड समितीला असं उघड आव्हान देणं त्या काळात सोपं नव्हतं. नोकरी, क्लब, नाव, सगळंच पणाला लागलं होतं.

यावेळी चाहते गप्प बसले नाहीत. वृत्तपत्रांतून भावांच्या बाजूनं मजकूर येऊ लागला. अस्पृश्यता निवारणाचा विषय त्याच वर्षी गांधीजींमुळे राजकारणाच्या केंद्राकडे सरकत होता. जिमखान्याला नमतं घ्यावं लागलं. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परतले, दोघं भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आलं. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा नेतृत्व बाळूंनी केलं. त्यांच्या वाट्याला कर्णधारपद आलं ते एवढंच. 1921नंतर ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले नाहीत.

तीन वर्षांनी, 1923मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघानं युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली, आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतलं. त्या खांद्यांची जात विचारायला त्या दिवशी कोणाला सवड नव्हती.

आंबेडकरांविरुद्ध निवडणूक

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. गांधीजींच्या भूमिकेकडे त्यांचा ओढा होता, स्वतंत्र मतदारसंघाची मागणी त्यांना पटत नव्हती. 1932मध्ये पुणे कराराच्या वाटाघाटींत ते एम. सी. राजा यांच्यासोबत होते. इथं आंबेडकरांचा आणि त्यांचा रस्ता वेगळा झाला. 1937च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं भायखळा-परळ भागात डॉ. आंबेडकरांसमोर बाळूंनाच उभं केलं. आंबेडकरांना 13,245 मतं मिळाली, बाळूंना 11,225. एकेकाळचा चाहता जिंकला. काँग्रेसनं बाळूंचा वापर करून घेतला, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यात तथ्य आहे. पण 11 हजार मतं केवळ पक्षाच्या नावावर पडली, असंही म्हणता येणार नाही.

स्पर्धेचं काय झालं?

1937मध्ये ‘द रेस्ट’ हा पाचवा संघ आला आणि चौरंगीची पंचरंगी झाली. गर्दी वाढत गेली, तसा विरोधही. 1940मध्ये हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटलं. धर्माच्या नावानं संघ करू नयेत, असा सल्ला त्यांनी मुंबईकर क्रीडाप्रेमींना दिला. 1946मध्ये स्पर्धा कायमची बंद झाली.

बाळूंचं निधन 4 जुलै 1955 रोजी मुंबईत झालं. देवधरांच्या नावानं 1973-74पासून देशपातळीवरची स्पर्धा सुरू झाली. बाळूंच्या नावानं तशी स्पर्धा नाही. पालवणकर घराण्याची कहाणी घरातल्याच माणसाच्या शब्दांत वाचायची असेल तर विठ्ठल यांचं 1948चं मराठी आत्मचरित्र आहे, ‘माझे क्रीडा-जीवन’.