सॅम्युएल कोल्ट : सहा घरं आणि एक नळी

मराठी विभागासाठी एखादं चरित्र लिही म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं की मी विश्वेश्वरय्यांवर किंवा कलामसाहेबांवर लिहिणार. त्यांच्यावर दरवर्षी कोणीतरी लिहितंच. मी निवडलाय रिव्हॉल्व्हरवाला सॅम्युएल कोल्ट. कारण साधं आहे. एन.सी.सी.च्या कॅम्पात आपण पॉइंट टू-टू रायफलने २५ मीटरवर गोळ्या झाडतो. त्या करंगळीएवढ्या काडतुसाचं घराणं शोधत मी मागे मागे गेले, तर कोल्टच्या दाराशी पोचले. आणि गंमत म्हणजे ते दार बंद होतं!

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावचा. आई लहानपणीच गेली. अभ्यासात लक्ष कमी आणि दारूगोळ्यात जास्त, त्यामुळे शाळेशी फार काळ पटलं नाही. १८३० मध्ये, म्हणजे आपल्याकडची मुलं दहावीला असतात त्या वयात, बापाने त्याला कॉर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढवलं. जहाज निघालं होतं आपल्या कलकत्त्याला. त्या सफरीत त्याने लाकूड कोरून फिरत्या सिलिंडरचं मॉडेल बनवलं असं मानतात. जहाजाच्या सुकाणूचं चाक फिरून नेमक्या जागी अडकतं हे बघून त्याला युक्ती सुचली, ही गोष्ट त्याच्या नावावर कायमची चिकटली आहे. फिरत्या सिलिंडरची बंदूक त्याच्या आधीही होती. कोलियर नावाच्या माणसाने १८१८ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण तिचा सिलिंडर हाताने फिरवावा लागे. कोल्टने केलं ते एवढंच की घोडा मागे ओढला की सिलिंडर आपोआप एक घर पुढे सरकेल आणि तिथे कुलूप लागल्यासारखा अडकेल.

(चेंबरला मराठीत काय म्हणायचं ते मी आमच्या रूममधल्या कर्जतच्या मैत्रिणीला विचारलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, मला चेंबरच माहीत. तिने एका क्षणात सांगितलं, घर. मला तो शब्द फारच आवडला, म्हणून पुढे तोच वापरते.)

घरी आल्यावर पैसे कुठून आणायचे? पठ्ठ्याने आडनावाचं स्पेलिंग बदललं, नावापुढे डॉक्टर लावलं आणि गावोगाव लोकांना हसवणारा वायू हुंगवण्याचे खेळ केले! त्या तिकिटांच्या पैशातून कारागिरांकडून नमुने बनवून घेतले. २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. आपल्या थर्ड इयरएवढा. पॅटर्सन गावी कारखाना निघाला.

आता त्या पहिल्या रिव्हॉल्व्हरची अडचण बघा. तेव्हा तयार काडतूस नव्हतं. प्रत्येक घरात समोरून दारू ओता, शिशाची गोळी ठासा, मागे टोपी लावा. पाच गोळ्या काही सेकंदांत संपायच्या आणि भरायला मिनिटं लागायची. म्हणून पेटीत एक जादा सिलिंडर मिळे. नळी धरून ठेवणारी पाचर ठोकून काढायची, नळी पुढे ओढायची, रिकामा सिलिंडर काढून भरलेला बसवायचा. अदलाबदलीच्या सिलिंडरची गोष्ट इथून सुरू होते.

आणि नेमबाजीची भानगडही इथेच सुरू होते. रायफलला एकच घर आणि ते नळीशी कायम जोडलेलं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी एका तुकड्यात असते, नळी दुसऱ्या तुकड्यात, आणि मध्ये बारीकशी फट. खोपोलीच्या टाटांच्या वीजगृहातली पेल्टनची चाकं आठवा. पाण्याची धार एका जागी, आणि चाकावरची वाटी फिरत फिरत तिच्यासमोर येते. तिथे वाटी केसभर इकडेतिकडे असली तर जरा शक्ती वाया जाईल, एवढंच. इथे घर केसभर बाजूला असलं तर शिशाची गोळी नळीच्या तोंडाशी एका अंगाने तासली जाते आणि वाकडी जाते. सहा घरं म्हणजे सहा वेगवेगळ्या बंदुका एका नळीवर जोडल्यासारखंच आहे. म्हणून जाणकार माणूस रिव्हॉल्व्हर तपासताना प्रत्येक घराची नेम वेगळी झाडून बघतो. सिलिंडर बदलला की ही सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

पॅटर्सनचा कारखाना १८४२ मध्ये बुडाला. मधली काही वर्षं कोल्ट पाण्याखालचे सुरुंग आणि तारायंत्राच्या केबल यांच्या मागे होता. मग मेक्सिकोच्या युद्धात कॅप्टन वॉकर नावाच्या अधिकाऱ्यामुळे १८४७ मध्ये सरकारची १००० रिव्हॉल्व्हरची ऑर्डर आली. कोल्टकडे तेव्हा कारखानाच नव्हता! दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून त्याने ती पुरी केली आणि नंतर हार्टफर्डला स्वतःचा पसारा उभा केला. एलिशा रूट हा त्याचा सुपरिटेंडंट. माझ्या मते खरा इंजिनिअर रूटच. एकेका कामाला एकेक मशीन, जिग, गेज हे सगळं त्याने बसवलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला, त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे व्याख्यान दिलं आणि १८५३ मध्ये लंडनलाच कारखाना थाटला.

त्याच्या नावावर जी कीर्ती आहे ती सुट्या भागांच्या अदलाबदलीची. कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसेल, अशी. आपल्या पुस्तकांतही असंच असतं. पण जुन्या कोल्टवर बघितलं तर फ्रेमवर, नळीवर, सिलिंडरवर एकच नंबर ठोकलेला दिसतो. सगळं जर सगळ्यांना बसत होतं, तर नंबर कशाला? कारण भाग मऊ असताना कारागीर कानस मारून एकमेकांना जुळवत. मग नंबर ठोकत. मग सुटे करून कडक करत आणि त्याच नंबरचे भाग पुन्हा एकत्र जोडत. फर्स्ट इयरच्या फिटिंग शॉपमधला मेल-फिमेल जॉब सगळ्यांनी केलाय. आपापली जोडी बसते. शेजारच्याची फिमेल घेऊन बघा, बसत नाही. हार्टफर्डची मशीनं आपल्या कानशीपेक्षा कितीतरी सरस होती, पण शेवटचा हात माणसाचाच होता. यात मला कोल्ट लबाड वाटत नाही. त्याने विक्रीसाठी जे सांगितलं ते त्याच्या कामाच्या वीसएक पावलं पुढे होतं, एवढंच. पण पुस्तकांनी तरी नंबर वाचायला हवे होते.

तो गिऱ्हाईक निवडत बसला नाही हे मात्र खटकतं. अमेरिकेत यादवी पेटेपर्यंत त्याने उत्तरेलाही माल विकला आणि दक्षिणेलाही. ब्रिटिश सरकारने क्रिमियाच्या युद्धासाठी त्याचे रिव्हॉल्व्हर घेतले. १८५७ च्या उठावात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर होते. कलकत्त्याच्या वाटेवर पोराने कोरलेलं लाकडी खेळणं असं आपल्याकडे परत आलं. आपण कर्जत-खालापूरची माणसं, आपल्याला हे लांबचं वाटू नये. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्याबरोबर हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनीच गेले. नेम किती अचूक याची चर्चा करताना समोर कोण उभा आहे हेही मनात यायला लागतं.

आता ते बंद दार. कोल्टच्या कारखान्यात कंत्राटावर काम केलेला रोलिन व्हाइट नावाचा माणूस होता. त्याने ३ एप्रिल १८५५ ला एक पेटंट घेतलं, त्यात आरपार भोक पाडलेला सिलिंडर होता. म्हणजे मागून तयार काडतूस घालता येईल. हा हक्क नोव्हेंबर १८५६ मध्ये स्मिथ आणि वेसन या जोडीने घेतला, बंदुकीमागे २५ सेंट देऊन. कोल्टचं पेटंट संपल्याबरोबर १८५७ मध्ये त्यांनी सात घरांचा, पॉइंट टू-टू रिमफायर रिव्हॉल्व्हर बाजारात आणला. रिमफायर म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेत ठिणगीचा मसाला भरलेला. घोडा मध्यावर नाही, कडेवर आपटतो. आपल्या एन.सी.सी.च्या गोळीचा हाच पूर्वज! जन्मभर पेटंटच्या जोरावर इतरांना अडवलेला कोल्ट आता दुसऱ्याच्या पेटंटमुळे अडला. दारू आणि टोपीचेच रिव्हॉल्व्हर बनवत तो १० जानेवारी १८६२ ला गेला. वय फक्त ४७. मागे उरलेली मालमत्ता सुमारे दीड कोटी डॉलर. दोन वर्षांनी कारखान्याला मोठी आग लागली, तो पुन्हा उभा केला त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

व्हाइटचं पेटंट १८६९ मध्ये संपलं. त्याच्या आदल्या वर्षी रेमिंग्टन कंपनीने स्मिथ-वेसनना पैसे मोजून आपले जुने रिव्हॉल्व्हर रिमफायरचे केले. फ्रेम तीच, नळी तीच, फक्त सिलिंडर नवा, पाच घरांचा.

ही युक्ती अजून जिवंत आहे. अमेरिकेत काही पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हरबरोबर दोन सिलिंडर मिळतात, एक साध्या लाँग रायफल काडतुसाचा आणि एक मॅग्नमचा. मॅग्नमचं काडतूस लांबही आणि जाडही, म्हणून एकाच घरात दोन्ही चालवता येत नाहीत. साधं काडतूस मॅग्नमच्या घरात ढिलं बसून फुटू शकतं. नळी मात्र दोघांत एकच. मॅग्नमची गोळी साध्या गोळीपेक्षा साधारण २५ मायक्रॉनने जाड. आपल्या मायक्रोमीटरवर अडीच रेघा. नळी मॅग्नमच्या मापाची ठेवली तर साधी गोळी तिच्यात जराशी सैल, आटे नीट पकडत नाहीत आणि नेम थोडी पसरते. त्यात रिमफायरची कड किती जाड आणि मसाला कडेत किती सारखा पसरलाय हेही प्रत्येक काडतुसात थोडं वेगळं. म्हणून अशा बंदुकीत एक सिलिंडर बहुतेक वेळा दुसऱ्यापेक्षा चांगला मारतो, आणि कोणता ते कागदावर झाडल्याशिवाय कळत नाही.

रुगर कंपनीच्या अशा बंदुकीच्या जादा सिलिंडरवर बघा. त्यावर त्या बंदुकीच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे कोरलेले असतात. म्हणजे हा सिलिंडर बदलता येतो, पण याच बंदुकीत.